तीस ओलांडली की एकदा तरी तपासणी

(आरे कॉलनीतील पाड्यांवरच्या महिला बचत गटांनी सामुदायिक रेडिओवर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही आरे कॉलनीतल्या पाड्यांवरच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. केलटीपाडा, खांबाचा पाडा, चाफ्याचा पाडा, मरोशी, असे आमचे बरेच पाडे आहेत. पत्त्यावर मुंबई लिहितात. आजूबाजूला गोरेगाव, पवई, मरोळ असा शहराचा वेढा आहे. पण आत आमची भाजीची वाडी आहे, म्हशींचे तबेले आहेत, आणि अंधार पडला की बिबट्याच्या भीतीनं पोरांना घरात घेणंही आहे. त्यामुळे गावाकडच्या मैत्रिणींनो, तुमचं आमचं फार वेगळं नाही. नकाशावर जवळ दिसणारा दवाखाना बाईसाठी किती लांब असतो, ते तुम्हालाही ठाऊक आहे.

आज आम्ही गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल बोलणार आहोत. विषय ऐकून रेडिओ बंद करू नका. घरात सासरे, दीर, मुलगे बसले असतील तरी बसू द्या, त्यांनीही ऐकावं. २०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणे भारतात वर्षाला सव्वा लाखांच्या वर बायकांना हा आजार होतो आणि सुमारे ऐंशी हजार बायका त्यात जातात. पण हा असा कॅन्सर आहे, की तो होण्याच्या कितीतरी वर्षं आधी ओळखता येतो आणि तिथल्या तिथे थांबवता येतो.

हे आपल्याला कळलं कसं? यात मोठा वाटा महाराष्ट्रातल्याच बायकांचा आहे. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांमधल्या आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधल्या मिळून पावणेतीन लाखांहून जास्त बायका दोन मोठ्या अभ्यासांत होत्या. त्यांच्यातल्या काहींना तपासणी मिळाली, काहींना मिळाली नाही. त्या दोघींच्या फरकातून डॉक्टरांना उत्तर सापडलं. ती हकिगत आम्ही आज सांगणार आहोत, कारण ती आपलीच आहे आणि आपल्याच बायकांना ती फारशी माहीत नाही.

सुरुवात गडचिरोलीपासून करू. डॉक्टर राणी बंग आणि डॉक्टर अभय बंग यांनी तिथल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायका-मुलींची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या मोठ्या मासिकात छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना बाईपणाचा काही ना काही आजार निघाला. एकेकीला सरासरी तीनहून जास्त आजार. आणि त्याआधी कधीतरी आतून तपासणी झालेल्या किती होत्या? शंभरातल्या आठ. बाळंतपण आणि कुटुंब नियोजन सोडलं तर बाईच्या अंगाला काही होतं, हे तोवर कुणी विचारातच घेतलं नव्हतं. बायकाही बोलत नव्हत्या. पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतंय, अंगावरून लाल जातंय, सगळं अंगावर काढायचं. 'बाईच्या जन्माला आलं की हे असायचंच,' असं आपल्या आयांनी आपल्याला सांगितलं. त्यांना त्यांच्या आयांनी सांगितलं होतं.

त्याच सुमाराला सोलापूर जिल्ह्यात बार्शीला दुसरं काम सुरू झालं होतं. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयानं १९८७ साली बार्शी, परांडा, भूम या भागातल्या गावांची कॅन्सरची नोंदवही सुरू केली. कुणाला कॅन्सर झाला, कुठला झाला, कोणत्या पायरीवर कळला, पुढे काय झालं, हे सगळं गावोगाव फिरून लिहायचं. ग्रामीण भागातली अशी ही भारतातली पहिली नोंदवही. त्यात दिसलं, की बायकांमध्ये सगळ्यात जास्त कॅन्सर गर्भपिशवीच्या तोंडाचा आहे, आणि बायका फार उशिरा येतात. मग तिथल्या कार्यकर्त्यांनी गावात जाऊन नुसतं सांगायला सुरुवात केली: ही लक्षणं असली तर या, लवकर या. मशीन नाही, औषध नाही, फक्त सांगणं. पुढच्या काही वर्षांत लवकरच्या पायरीवर येणाऱ्या बायका वाढल्या. नोंदवहीत ते लिहिलेलं आहे. म्हणजे नुसत्या बोलण्यानंही फरक पडतो, आणि आम्ही आज इथे बोलतोय ते त्याच भरवशावर.

आता हा आजार होतो कसा, ते थोडक्यात समजून घेऊ.

गर्भपिशवी उलट्या टांगलेल्या भोपळ्यासारखी असते. तिचं खालचं निमुळतं टोक योनीमार्गात उघडतं. ते गर्भपिशवीचं तोंड. एचपीव्ही नावाचा एक विषाणू आहे. तो नवरा-बायकोच्या संबंधातून अंगात येतो. तो इतका सर्रास असतो की लग्न झालेल्या बहुतेक बायकांना आणि पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो. त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. हे आम्ही मुद्दाम जोरात सांगतो, कारण याच एका गोष्टीवरून घरात भांडणं होतात आणि बायका तपासणीला जायला भितात. दहातल्या नऊजणींच्या अंगातून हा विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्याजणींत मात्र तो घर करून राहतो. मग तोंडाजवळच्या पेशी हळूहळू बदलायला लागतात. त्यांचा कॅन्सर व्हायला दहा-पंधरा, कधी वीस वर्षं लागतात. एवढ्या वर्षांत दुखत नाही, खुपत नाही, काही कळत नाही. हीच वर्षं आपल्या हातातली आहेत.

पण त्या वर्षांत बदल शोधायचा कसा? परदेशात पॅप तपासणी जुनी आहे. तोंडाजवळच्या पेशी काचेवर घेऊन तज्ज्ञ डॉक्टर त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. आपल्याकडे तेवढे तज्ज्ञ कुठले? म्हणून दोन सोप्या पद्धती पुढे आल्या. एक, व्हिनेगरची तपासणी. चायनीजच्या गाडीवर असतं त्याच जातीचं, पाणी घालून सौम्य केलेलं आम्ल कापसानं पिशवीच्या तोंडाला लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बदललेल्या पेशी असतील तर तिथे पांढरा डाग उठतो. शिकवलेली नर्स तो डोळ्यांनी बघू शकते. दुसरी, एचपीव्ही तपासणी. छोट्या ब्रशनं नमुना घ्यायचा आणि विषाणू आहे का ते प्रयोगशाळेत बघायचं.

यातली कुठली तपासणी जीव वाचवते, हे बघायला १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं रुग्णालय, मुंबईचं टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधली जागतिक कॅन्सर संशोधन संस्था मिळून हे करत होते. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात होत्या. गावांचे ५२ गट केले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे ते चार भागांत वाटले. आपण भिशीची चिठ्ठी काढतो ना, कुणाचं नाव येईल ते आपल्या हातात नसतं, तसंच. एका भागात एचपीव्ही तपासणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हिनेगर, आणि चौथ्यात तपासणी नाही. चौथ्या भागात नेहमी जे चालतं तेच चालू राहिलं.

चिठ्ठी कशाला, असं कुणी विचारेल. शेतात नवं बियाणं आलं की शहाणा शेतकरी अर्ध्या वाफ्यात नवं पेरतो, अर्ध्यात जुनं. माती तीच, पाणी तेच. म्हणजे पीक वाढलं तर ते बियाण्यामुळे वाढलं की यंदा पाऊस बरा होता म्हणून, ते कळतं. संशोधनातही तसंच. फक्त तिथे वाफे नसतात, माणसं असतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे आपल्याला तो लागणार आहे.

आठ वर्षं या बायकांवर लक्ष ठेवलं. २००९ साली निकाल छापून आला. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या ३४,१२६ बायकांमध्ये या कॅन्सरनं ३४ जणी गेल्या. तपासणी न मिळालेल्या ३१,४८८ बायकांमध्ये ६४ जणी गेल्या. सरळ हिशेब करा. दर दहा हजार बायकांत तपासणीशिवाय वीस मृत्यू, तपासणीनंतर दहा. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीनं मरण निम्म्यावर आलं.

याच आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे. ती आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कॅन्सर किती जणींना निघाला? तपासणीच्या गटात १२७, बिनतपासणीच्या गटात ११८. म्हणजे जवळजवळ सारखाच. पण पुढच्या पायरीवर गेलेला किती? तपासणीच्या गटात १२७ पैकी ३९. बिनतपासणीच्या गटात ११८ पैकी ८२. कॅन्सर दोन्हीकडे होता. एकीकडे तो वेळेत सापडला, दुसरीकडे तो वाढल्यावर कळला. आपल्याकडे बायका म्हणतात, 'तपासणी केली तर काहीतरी निघेल, म्हणून नको.' निघायचं ते आत असतंच, बाई. तपासणीनं ते येत नाही. तपासणीनं फक्त ते कधी कळणार, ते ठरतं.

उस्मानाबादेत एकदाच केलेल्या पॅप आणि व्हिनेगरच्या तपासणीनं मृत्यू कमी झाल्याचं स्पष्ट दिसलं नाही. मग व्हिनेगर बिनकामाचं का? नाही. ते मुंबईत कळलं.

टाटा रुग्णालयानं १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दुसरा अभ्यास केला. त्याचे प्रमुख होते डॉक्टर सुरेंद्र शास्त्री. ३५ ते ६४ वर्षांच्या बायका होत्या. ७५,३६० तपासणीच्या गटात, ७६,१७८ तुलनेच्या गटात. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, नर्ससुद्धा नव्हत्या. दहावी शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवून तयार केलं होतं. त्यांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा व्हिनेगरची तपासणी केली. बारा वर्षांनी हिशेब मांडला, तेव्हा तपासणीच्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. २०१३ साली अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या सगळ्यात मोठ्या परिषदेत हा निकाल वाचला गेला. प्रयोगशाळा नाही, महागडं यंत्र नाही, दहावी शिकलेली बाई आणि एक बाटली व्हिनेगर.

दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की आपल्यासाठी धडा सोपा आहे. एचपीव्ही तपासणी मिळत असेल तर ती एकदा केली तरी मोठा फायदा आहे. ती मिळत नसेल तर व्हिनेगरची करा, पण ती एकदा करून थांबू नका, पुन्हा पुन्हा करा. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वर्षांच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी ठेवलेली आहे. त्याचे पैसे पडत नाहीत.

आता चौथ्या भागातल्या बायकांबद्दल बोललं पाहिजे. ज्यांच्या वाट्याला तपासणी आली नाही, त्यांच्याबद्दल.

उस्मानाबाद, मुंबई आणि तमिळनाडूतला दिंडिगल, अशा तीन ठिकाणच्या अभ्यासांत मिळून सुमारे १ लाख ३८ हजार बायका बिनतपासणीच्या गटात होत्या. त्यातल्या अडीचशेहून जास्त या कॅन्सरनं गेल्या. यावर डॉक्टरांच्याच जगात मोठा वाद झाला. काहींनी विचारलं, तपासणीनं जीव वाचतो हे दुसऱ्या देशांत कित्येक वर्षं माहीत होतं, मग इथल्या बायकांना ती न देता नुसतं बघत का राहिलात? अभ्यास करणाऱ्यांचं उत्तर होतं, की आपल्या खेड्यांत आणि वस्त्यांत कुणालाच तपासणी मिळत नव्हती. इथे परवडेल अशी पद्धत चालते हे दाखवल्याशिवाय सरकार ती सुरू करणार नव्हतं. आणि कॅन्सर निघाला त्यांच्या उपचाराची सोय केली होती. मुंबईच्या अभ्यासाला पैसा अमेरिकेच्या सरकारचा होता. तिथल्या देखरेख करणाऱ्या कार्यालयानं या बायकांची संमती घेताना त्यांना पुरेशी माहिती दिली गेली नव्हती, असा ठपका ठेवला. निकाल लागल्यावर मुंबईच्या तुलनेच्या गटातल्या बायकांनाही तपासणी द्यायचं ठरलं. पण ज्या आधीच गेल्या, त्यांना त्याचा काय उपयोग?

आम्ही यावर आपसात बोललो. आमच्यातल्या काहीजणी म्हणाल्या, हे अन्यायाचं झालं. काही म्हणाल्या, अभ्यास झाला नसता तर आपल्याला आजही काही कळलं नसतं. दोन्ही बाजूंनी बोलणं झालं आणि एकमत झालं नाही. मात्र दोन गोष्टी सगळ्यांना पटल्या.

पहिली ही, की वाडीवस्तीवरची बाई म्हणजे वाफ्यातलं रोप नव्हे. उद्या कुणी तुमच्या गावात, आमच्या पाड्यावर अभ्यासासाठी आलं तर त्यांना हाकलून देऊ नका, पण मुकाट्यानं अंगठाही देऊ नका. विचारा. हा उपचार आहे की संशोधन? मला काय देणार, आणि काय देणार नाही? मी दुसऱ्या गटात गेले तर मला काय मिळणार? हीच तपासणी बाहेर कुठे मिळते का? मला त्रास झाला तर खर्च कुणाचा? २०१९ च्या सरकारी नियमांप्रमाणे औषधांच्या चाचणीत इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते. माहिती आपल्या भाषेत मिळाली पाहिजे. कागदाची एक प्रत आपल्याकडे राहिली पाहिजे. वाचता येत नसेल तर त्यांच्याशी संबंध नसलेला साक्षीदार पाहिजे. आणि मधेच 'आता नको' म्हणायचा हक्क आपल्याला आहे. नाही म्हटलं म्हणून दवाखान्यातले आपले नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत.

दुसरी गोष्ट अशी. त्या बायकांच्या जिवावर जे ज्ञान मिळालं, ते वापरलं नाही तर त्यांचं जाणं फुकट गेलं. आणि आपण ते वापरत नाही. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वर्षांच्या शंभर बायकांमागे दोघींचीही ही तपासणी झालेली नव्हती. ज्या देशात हे सिद्ध झालं, त्याच देशात ही गत.

मुलींच्या लसीबद्दल बरेच प्रश्न आले होते, म्हणून तेही सांगतो. एचपीव्ही विषाणूवर लस आहे. २००९ साली भारतात तिचा एक अभ्यास सुरू झाला. त्यात पुणे आणि बार्शी ही ठिकाणंही होती. मुलींना दोन डोस पुरे की तीन लागतात, एवढंच बघायचं होतं. त्याच काळात आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत दुसऱ्या एका संस्थेचा लसीकरणाचा प्रकल्प चालू होता. तिथे आदिवासी मुलींच्या संमतीच्या कागदांवर आईबापांच्या ऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याचं बाहेर आलं. काही मुली दगावल्या होत्या. ते मृत्यू लसीमुळे नव्हते असं चौकशीत निघालं, पण सह्यांचा प्रकार गंभीरच होता. एप्रिल २०१० मध्ये सरकारनं असे सगळे अभ्यास थांबवले. त्यामुळे पुण्या-बार्शीच्या अभ्यासातल्या सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळालेला राहिला. डॉक्टरांनी त्या मुलींवर लक्ष ठेवणं मात्र सोडलं नाही. २०२१ साली दिसलं, की एका डोसचं संरक्षणही दोन-तीन डोसांइतकंच आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ९ ते २० वर्षांच्या मुलींना एक डोसही चालेल, असं सांगितलं. आज जगभरात लाखो मुलींना एका डोसवर लस मिळते, त्यामागे आपल्या मुलीही आहेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं आपल्या देशात बनवलेली लस २०२३ मध्ये बाजारात आणली. तुमच्या भागात सरकारी लस कधी आणि कुठे मिळते ते आशाताईंना विचारा. लस लग्नाआधीच्या वयात, ९ ते १४ मध्ये, सगळ्यात चांगली लागू पडते. आणि लस घेतलेल्या मुलीनंही तिशीनंतर तपासणी करायचीच आहे.

आणखी एक इशारा. कॅन्सरची भीती घालून गर्भपिशवी काढायला सांगणारे लोक आहेत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचं ठाऊक असेल. २०१९ साली सरकारनं समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. कितीतरी जणी ऐन तिशीतल्या. तेव्हा हे नीट ऐका. पांढरा डाग दिसला, म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. एचपीव्ही निघाला, म्हणजेही कॅन्सर नाही. अशा वेळी दुर्बिणीतून पुन्हा बघतात, गरज वाटली तर लहानसा तुकडा काढून तपासतात. बदललेल्या पेशी असतील तर त्या गोठवून किंवा चटका देऊन घालवतात. काही मिनिटांचं काम असतं, त्याच दिवशी घरी येता येतं. पिशवी जागेवर राहते. कुणी पहिल्याच भेटीत 'पिशवी काढा' म्हणालं, तर कागद घेऊन उठा आणि सरकारी रुग्णालयात दुसरं मत घ्या.

आता तपासणीला जाताना काय करायचं ते सांगतो. पाळी चालू असताना जाऊ नका. गरोदर असाल तर आधी सांगा. सैल साडी किंवा परकर घालून जा. बाई डॉक्टर किंवा नर्स हवी असं सांगायला लाजू नका, आणि पडदा ओढून घ्यायला सांगा. आत एक यंत्र घालून जागा उघडतात, तेव्हा थोडं ओढल्यासारखं वाटतं. अंग सैल सोडलं, लांब श्वास घेतला की कमी होतं. पाच मिनिटांत मोकळं. एचपीव्ही तपासणी असेल तर काही ठिकाणी आपला नमुना आपणच घेता येतो. पण मैत्रिणींनो, खरी गळती तपासणीनंतर होते. रिपोर्ट आणायला बाई जात नाही. डाग निघाला तरी पुढच्या तारखेला जात नाही, कारण कामाचा खाडा होतो, प्रवासाला पैसे लागतात. तपासणी केली आणि उपचार घेतला नाही, तर तपासणीचा काहीच उपयोग नाही. कॅन्सर निघालाच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचाराची सोय आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड जवळ ठेवा.

काही गोष्टींना मात्र तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही. पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसलं, संबंधानंतर रक्त गेलं, दोन पाळ्यांच्या मधे रक्त गेलं, घाण वासाचं पाणी जात राहिलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. पन्नाशीच्या पुढच्या मावश्या, आज्या म्हणतात, 'आता आमचं काय राहिलंय?' त्यांनी हे विशेष ऐकावं. हा आजार त्याच वयात डोकं वर काढतो. ज्या बहिणींना एचआयव्हीची लागण आहे, त्यांनी तीस वर्षांपर्यंत थांबू नये. आपल्या डॉक्टरांना विचारून तपासणी लवकर आणि कमी अंतरानं करावी.

शेवटी एक काम सांगतो. खर्च काही नाही. आपल्या बचत गटाच्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढे हप्त्याचा रकाना असतो, कर्जाचा असतो. त्याच्या पुढे आणखी तीन रकाने आखा. वय, तपासणीची तारीख, रिपोर्ट आणला का. महिन्याच्या बैठकीला हप्ता गोळा करताना तेही वाचा. रिपोर्टात काय निघालं ते मात्र वहीत लिहायचं नाही आणि बैठकीत विचारायचं नाही, ते त्या बाईचं आहे. ज्यांचे रकाने कोरे, त्यांच्यातल्या पाच-सहाजणींनी एक दिवस ठरवून एकत्र जा. एकटीला लाज वाटते, घरातून अडवतात. सहाजणी निघाल्या की कुणी अडवत नाही, रिक्षाचं भाडंही वाटून जातं, आणि एकीची पोरं दुसरी बघते. जिला पुढच्या उपचाराला बोलावलंय, तिच्यासोबत गटातली एकजण जाईल आणि तिचा त्या दिवसाचा हप्ता गट सांभाळून घेईल, असा ठराव करून ठेवा.

उस्मानाबादच्या त्या चौथ्या गटातल्या बायकांना विचारणारं कुणी नव्हतं. आपल्याकडे वही आहे, गट आहे, आणि काय करायचं ते माहीत आहे. या महिन्याच्या बैठकीत रकाने आखा. पुढच्या महिन्यात पहिल्या सहाजणी जाऊन येऊ द्या. तुमचे प्रश्न असतील तर ते रेडिओ केंद्राकडे पाठवा, आम्ही डॉक्टरताईंना विचारून पुढच्या भागात उत्तरं देऊ.